केंद्राचा संशोधन निधी सोलापूरच्या कॉलेजात कसा आणावा

केंद्र सरकारचा संशोधन निधी मागताना सोलापूर, धाराशिव, लातूरकडचे कितीतरी प्रस्ताव एकाच वाक्याने सुरू होतात: ‘आमचा भाग दुष्काळी व मागास आहे.’ या वाक्याला गुण नसतात. प्रस्ताव तपासणारा माणूस बेंगळुरू, चेन्नई किंवा कोलकात्यात बसलेला असतो. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: प्रश्न नेमका आहे का, तो या माणसाकडून सुटेल का आणि मागितलेला पैसा कामाच्या मापाचा आहे का. दुष्काळाचा उपयोग होतो, पण तोच तुमची प्रयोगशाळा झाला तर. ते कसं, हे पुढे येईल.

मागास भागाला वेगळं ताट वाढण्याची पद्धत जगात नाही असं नाही. अमेरिकेत संशोधनाचा पैसा ठरावीक राज्यांतच जातो अशी ओरड झाली, तेव्हा तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘एप्सकोर’ नावाची योजना काढली. सुरुवातीला अर्कान्सास, मेन, मोंटाना, साउथ कॅरोलिना आणि वेस्ट व्हर्जिनिया ही पाचच राज्यं होती. २०२२ च्या चिप्स अँड सायन्स कायद्याने या राज्यांचा वाटा टप्प्याटप्प्याने वाढवत २०२९ पर्यंत २० टक्क्यांवर नेण्याचं लक्ष्य ठेवलं. आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभागाने ईशान्य भारतासाठी अशी तरतूद केली आहे; सोलापूर त्यात बसत नाही. अमेरिकेच्या एप्सकोरमधली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. प्रत्येक राज्याला आधी एक समिती नेमून ‘आमचे विषय कोणते’ हे ठरवावं लागतं, नुसते सुटे अर्ज पाठवून भागत नाही. जिल्ह्यातल्या दहा कॉलेजांनी दहा वेगवेगळ्या नॅनोकणांवर अर्ज करण्यापेक्षा हे बरं.

कोणत्या खिडकीवर उभं राहायचं

पूर्वीचं ‘सर्ब’ म्हणजे सायन्स अँड इंजिनिअरिंग रिसर्च बोर्ड आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये, बोलीभाषेत ‘एएनआरएफ’मध्ये, विलीन झालं आहे. त्याचा कायदा २०२३ चा. तो ५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला. विज्ञान-अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने पहिलं खातं याच्या पोर्टलवर उघडावं. योजना आणि त्यांची नावं बदलत राहतात, म्हणून अर्जाआधी त्या वर्षीची जाहिरात शब्दन् शब्द वाचावी. दोन वर्षांपूर्वी ज्याला मिळाली त्या सहकाऱ्याच्या आठवणीवर जाऊ नये.

कॉलेजच्या दृष्टीने ओळखीच्या योजना अशा. ‘टेअर’ शिक्षकांसाठी आहे. नोकरी आपल्याच कॉलेजात ठेवायची आणि वर्षातले किमान ९० दिवस एखाद्या मोठ्या संस्थेत काम करायचं. मुदत तीन वर्षं. शिक्षकाला पगाराशिवाय वर्षाला ६० हजार आणि संशोधनासाठी वर्षाला पाच लाख मिळतात. हे पाच लाख मूळ कॉलेज आणि यजमान संस्था यांत निम्मे-निम्मे वाटले जातात. ज्याच्याकडे यंत्र नाही, पण हात आणि डोकं आहे, त्याच्यासाठी यापेक्षा चांगली सुरुवात नाही. ‘शुअर’ ही सर्बने २०२२ मध्ये खास राज्य विद्यापीठं व त्यांच्या कॉलेजांसाठी काढलेली योजना, तीन वर्षांसाठी ३० लाखांपर्यंतची. ‘प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँट’ नव्या दमाच्या प्राध्यापकांसाठी आहे आणि तीन वर्षांना ६० लाखांपर्यंत जाते. इथे स्पर्धा थेट आयआयटीत नुकत्याच रुजू झालेल्यांशी असते. अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांसाठी ‘इन्क्लुसिव्हिटी रिसर्च ग्रँट’ आहे, तर करिअरमध्ये खंड पडलेल्या महिलांसाठी विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची ‘वाइज-किरण’.

‘पेअर’ ही एएनआरएफची योजना मात्र यांहून वेगळी. पेअरमध्ये एक मोठी संस्था केंद्रस्थानी आणि तिच्याभोवती जास्तीत जास्त सात विद्यापीठं असा संच अर्ज करतो. तो कुलगुरूंच्या पातळीवरचा विषय आहे, एकट्या प्राध्यापकाने त्यामागे धावू नये. पदवीच्या विज्ञान विभागांना प्रयोगशाळा सुधारायच्या असतील तर जैवतंत्रज्ञान विभागाची ‘स्टार कॉलेज’ योजना २००८ पासून आहे. तिथे अर्ज कॉलेज करतं. सामाजिक शास्त्रांसाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आहे.

आधी कॉलेजची फाइल, मग प्रस्ताव

जाहिरात निघाल्यापासून पोर्टल बंद होईपर्यंत साधारण महिना मिळतो. तो विषय लिहिण्यात जायला हवा, पण जातो सह्या गोळा करण्यात. म्हणून एक फाइल वर्षभर तयार असावी. त्यात हे असावं:

१. यूजीसी कायद्याच्या २(एफ) आणि १२(बी) या कलमांखालच्या मान्यतेचं पत्र. केंद्राचं अनुदान घेण्याची पात्रता १२(बी)मधून येते. बऱ्याच कॉलेजांकडे २(एफ) असतं आणि १२(बी)ही आहे असं गृहीत धरलेलं असतं. पत्र काढून वाचा.

२. संस्था खासगी ट्रस्टची असेल तर नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक. ट्रस्टचं नाव, पॅनवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव तिन्ही एकसारखं हवं. ‘शिक्षण प्रसारक मंडळ’ आणि ‘शि. प्र. मंडळ’ एवढ्या फरकावर नोंदणी अडते, आणि ती दुरुस्त करायला जाहिरातीची मुदत पुरत नाही.

३. पीएफएमएसवरचा, म्हणजे केंद्राचा निधी ज्यातून वाटला जातो त्या ऑनलाइन प्रणालीवरचा, संस्थेचा युनिक कोड. कॉलेजच्या नावाने जुने दोन-दोन कोड निघालेले असतात, एक समाजकल्याणच्या शिष्यवृत्तीसाठी आणि एक एनएसएससाठी. संशोधनासाठी कोणता चालवायचा हे हिशेब विभागाकडून लेखी घ्या.

४. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, ‘नॅक’चं प्रमाणपत्र, ‘आयशे’ (उच्च शिक्षणाचं अखिल भारतीय सर्वेक्षण) क्रमांक, रद्द केलेला धनादेश.

५. व्यवस्थापन समितीचा ठराव: प्रकल्प मंजूर झाल्यास जागा, वीज, पाणी, इंटरनेट दिलं जाईल, आणि ‘टेअर’साठी ९० दिवसांची परवानगी दिली जाईल.

पाचवा मुद्दा सगळ्यांत जास्त त्रासाचा. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास थेट शिकवायचं असतं. उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्या धरल्या तरी ९० दिवस पुरे होत नाहीत, परीक्षांची कामं त्याच सुट्यांत घुसतात. उरलेल्या दिवसांसाठी कर्तव्य रजा लागते. ती ‘नंतर बघू’ यावर सोडली की दुसऱ्या वर्षी विभागप्रमुख बदलतो आणि सगळं मुसळ केरात जातं. वेळापत्रकासकट ठराव करून घ्या: कोणत्या सत्रात कोणते तास, ते कोण घेणार.

प्राचार्यांच्या सहीचं एन्डोर्समेंट प्रमाणपत्र पोर्टलवरच्या ठरलेल्या मजकुरातच हवं, कॉलेजच्या लेटरहेडवर, तारखेसह. मजकुरात स्वतःचं वाक्य घालू नका. प्रमाणपत्रावरचं प्रकल्पाचं शीर्षक आणि पोर्टलवरचं शीर्षक अक्षरशः एक असावं. शेवटच्या रात्री शीर्षक सुधारायचा मोह होतो आणि प्रस्ताव छाननीतच बाद होतो.

विषय: तुमच्या पायाखालचा

पुण्या-मुंबईत बसून जे करता येतं तेच सोलापुरात कमी सामानानिशी करायचं म्हटलं, तर हार ठरलेली आहे. सोलापुरात बसल्यामुळेच जे जमतं ते निवडा. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. भारतीय श्रीअन्न संशोधन संस्थेचं रब्बी ज्वारीचं केंद्र शहरात आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं कोरडवाहू शेतीचं जुनं संशोधन केंद्र आहे. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचं रंगाचं पाणी आहे, उजनीचा जलाशय आहे, नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. सांगोल्यातल्या डाळिंबावरचा तेल्या रोग, मंगळवेढ्याची भौगोलिक मानांकन मिळालेली ज्वारी, हे विषय कुणाकडून उसने घ्यावे लागत नाहीत.

पण विषय गावचा असला म्हणजे प्रश्न नेमका झाला असं नाही. एक उदाहरण नीट पाहू.

कच्चं शीर्षक: ‘सोलापूर जिल्ह्यातील ज्वारीवरील रोगांचा अभ्यास’. हे परत येणार. कोणते रोग, किती शेतं, अभ्यास म्हणजे काय?

आता शेतात जाऊ. जानेवारीच्या अखेरीस कणसात दाणा भरत असताना काही ताटं बुडाशी मऊ पडून आडवी होतात. असं ताट उभं चिरलं तर आतला गर नाहीसा झालेला, नुसत्या दोऱ्या सुट्या राहिलेल्या, आणि त्या दोऱ्यांवर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके. हा खडखड्या. तो ‘मॅक्रोफोमिना फेजिओलिना’ या बुरशीमुळे होतो आणि काळे ठिपके ही तिची मातीत तग धरून राहणारी बीजं. फुलोऱ्यानंतर जमिनीतली ओल तुटली आणि ऊन वाढलं की ही बुरशी जोर करते. म्हणजे हा रोग अभ्यासायला जी परिस्थिती लागते ती मंगळवेढा-मोहोळ पट्ट्यात निसर्गतःच मिळते. दुष्काळ इथे प्रयोगशाळा होतो, तो असा.

मग शीर्षक असं बनतं: ‘फुलोऱ्यानंतरच्या ओलाव्याच्या ताणात खडखड्याचा प्रसार: हलक्या, मध्यम व भारी जमिनीतील रब्बी ज्वारीच्या तीन वाणांची तुलना’. वाणही इथलेच आहेत. राहुरीने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा आणि भारी जमिनीसाठी फुले वसुधा असे वाण दिले आहेत. जुनी मालदांडी ३५-१ तुलनेला ठेवता येते. उद्दिष्टं तीनच लिहा. पहिलं, ओलाव्याचा कोणता टप्पा ओलांडल्यावर लागण वाढते ते मोजणं. दुसरं, तिन्ही वाणांत बुरशी खोडात किती पेरांपर्यंत चढते ते पाहणं. तिसरं, शेतातून गोळा केलेल्या बुरशीच्या नमुन्यांत आक्रमकपणाचा फरक आहे का ते तपासणं. चौथं ‘जैविक नियंत्रण’ आणि पाचवं ‘शेतकऱ्यांसाठी मोबाइल ॲप’ हे जोडू नका. परीक्षकाला तीन वर्षांत काय होतं याचा अंदाज असतो.

पद्धतही महागडी नाही. बटाटा-डेक्स्ट्रोज आगारवर बुरशी वाढवायची, तिच्यात निर्जंतुक केलेल्या दातकोरण्या ठेवून त्या बुरशीने माखू द्यायच्या आणि फुलोऱ्यानंतर त्या ताटाच्या खालच्या पेरात टोचायच्या. पक्व झाल्यावर ताट चिरून किती पेरं काळी पडली ते मोजायचं. ही रूढ पद्धत आहे. प्रस्तावात तिचं नाव, पुनरावृत्तींची संख्या आणि मोजणीची रीत लिहिली की ‘यांना काम येतं’ हे दिसतं. दातकोरण्या नुसत्या उकळून भागत नाही. लाकडात बुरशीला मारक द्रव्यं असतात, म्हणून पाणी बदलून दोन-तीनदा उकळून मग ऑटोक्लेव्ह करावं लागतं. अशी एक ओळ प्रस्तावात असली तर ती दहा ओळींच्या दुष्काळवर्णनापेक्षा जास्त काम करते.

प्रस्ताव इंग्रजीत द्यायचा असतो. तरी आधी मराठीत एक पान लिहा: प्रश्न काय, आजवर काय कळलंय, काय कळलेलं नाही, आपण काय मोजणार. हे पान मोहोळच्या शेतकऱ्याला वाचून दाखवलं आणि त्याला कळलं, तर इंग्रजी प्रस्तावातही प्रश्न स्पष्ट उतरेल. ‘नॉव्हेल’ आणि ‘होलिस्टिक’ हे शब्द त्या पानात आपोआप येत नाहीत, हा वरचा फायदा.

‘प्राथमिक निष्कर्ष नाहीत’ हा कॉलेजांच्या प्रस्तावावर नेहमी येणारा शेरा. त्यासाठी यंत्र घ्यायची गरज नाही. एका हंगामात दहा शेतांतली ताटं चिरून केलेली मोजणी, दोन-चार बुरशी-नमुन्यांचे फोटो, आणि गरज असेल ती चाचणी बाहेरून, एवढं पुरतं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात ‘सैफ’ची विश्लेषण सुविधा आहे, आयआयटी मुंबईतही आहे. देशभरातली कोणती यंत्रं बाहेरच्यांना वापरता येतात ते ‘आय-स्टेम’ पोर्टलवर दिसतं. नमुना पाठवण्याआधी फोन करून तो किती ग्रॅम, कोरडा की ओला, कशात भरून हवा ते विचारा. मे महिन्यात सोलापूरहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून गेलेला जैविक नमुना पोचेपर्यंत कुजलेला असतो; नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पाठवायचा काळ.

सहकार्याचं पत्र घ्यायचं तर त्यात काय देणार ते लिहिलेलं हवं: इतक्या गुंठ्यांचं क्षेत्र, इतकं बियाणं, अमुक यंत्राचे इतके तास. ‘आम्ही शुभेच्छा देतो’ छापाचं पत्र जोडलं नाही तरी चालतं.

अंदाजपत्रक: तीस लाखांत काय बसतं

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो, म्हणून ‘शुअर’सारख्या तीस लाखांच्या प्रकल्पाचे आकडे मांडूनच पाहू.

एक ज्युनिअर रिसर्च फेलो घेतला. विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या दराने १ जानेवारी २०२३ पासून त्याला महिना ३७,००० आणि वर घरभाडं. घरभाड्यासाठी सोलापूर ‘वाय’ वर्गातलं शहर आहे. २० टक्के धरले तर ७,४०० रुपये. महिन्याला ४४,४००, वर्षाला ५,३२,८००. दोन वर्षांचे १०,६५,६००. तिसऱ्या वर्षी मूल्यमापन होऊन तो सीनिअर झाला की ४२,००० अधिक ८,४००, वर्षाला ६,०४,८००. तीन वर्षांची बेरीज १६,७०,४००. तीस लाखांतला निम्म्याहून जास्त पैसा एका माणसावर गेला. बहुतेक अंदाजपत्रकांत घरभाडं धरलेलंच नसतं किंवा तिसऱ्या वर्षीची वाढ विसरलेली असते. मग तिसऱ्या वर्षी फेलोचा पगार अडकतो.

उरलेल्या रकमेची एक वाटणी अशी होऊ शकते:

यंत्रसामग्री ५,५०,०००
रसायनं व काचसामान ३,६०,०००
बाहेरच्या चाचण्यांची फी १,८०,०००
प्रवास १,२०,०००
किरकोळ खर्च १,००,०००

फेलो धरून एकूण २९,८०,४००.

यंत्राच्या साडेपाच लाखांत साडेपाच लाखांचं यंत्र येत नाही. शास्त्रीय उपकरणांवरची जीएसटीची ५ टक्क्यांची सवलत जुलै २०२२ मध्ये गेली. आता १८ टक्के धरून चाला. म्हणजे मूळ किंमत ४,६६,००० पर्यंतच. कोटेशन मागताना ‘जीएसटी, वाहतूक, बसवणं, प्रशिक्षण आणि तीन वर्षांची वॉरंटी धरून, सोलापूरपोच’ असं लिहूनच मागा. विक्रेते पुण्यापर्यंतचा दर देतात आणि इंजिनिअरच्या येण्या-जाण्याचा खर्च नंतर सांगतात. एक वर्षाची वॉरंटी घेतली तर दुसऱ्या वर्षीचा दुरुस्ती करार कोणत्या हेडमधून, म्हणजे खर्चाच्या कोणत्या मंजूर शीर्षातून, भरायचा हा प्रश्न पडतो, आणि त्याला उत्तर नसतं.

यंत्र मागताना त्याच्याभोवतीचं सामानही मोजा. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही आणि बोअरचं पाणी जड असतं. नळाच्या पाण्यावर थंड होणारी डिस्टिलेशन कांडी काही महिन्यांत पांढऱ्या क्षारांनी मढून जाते, मग तापून जळते. आधी आरओ आणि मग डिस्टिलेशन असा क्रम ठेवा. ज्या यंत्राला सतत थंड पाणी लागतं त्याला तेच पाणी फिरवणारा चिलर हवा, नळ नव्हे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो. इनक्युबेटरमध्ये फक्त हीटर असेल, थंड करायची सोय नसेल, तर २८ अंशाला लावलेला इनक्युबेटर दुपारी खोलीचंच तापमान दाखवतो आणि तीन महिन्यांचं काम वाया जातं. म्हणून ‘बीओडी इनक्युबेटर’ असं स्पष्ट लिहा. अर्थिंग तपासून घ्या, यूपीएस यंत्राच्या भाराला पुरेल असा घ्या. हे सगळं ‘किरकोळ’मध्ये ढकलू नका, लेखापरीक्षक मान्य करत नाही, यंत्राचा भाग म्हणून त्याच कोटेशनमध्ये मागा.

प्रत्येक यंत्रापुढे कारण लिहायचं असतं. ‘संशोधनासाठी आवश्यक’ हे कारण नव्हे. ‘उद्दिष्ट १ मधील मातीच्या ओलाव्याच्या रोजच्या नोंदीसाठी, कॉलेजात असं यंत्र नाही, बाहेरून रोज मोजणं अशक्य’ हे कारण. आणि जे केगावला किंवा विद्यापीठात वापरायला मिळतं ते मागू नका. परीक्षक आय-स्टेम उघडून बघतो.

पैसे आल्यावर

मंजुरीचा आदेश आला की पहिल्या आठवड्यात तीन कामं: प्रकल्पाचं स्वतंत्र कॅशबुक, स्वतंत्र डेड स्टॉक रजिस्टर आणि आदेशाची हेडनिहाय रकमांसह एक पानी नक्कल हेडक्लार्कच्या टेबलावर. यंत्राच्या हेडमधला रुपया रसायनांना वापरता येत नाही. बदल हवाच असेल तर खर्चाआधी लेखी परवानगी मागायची. खर्च करून मागितलेली परवानगी मिळत नाही.

आता पुष्कळ योजनांत पैसे आगाऊ खात्यात पडून राहत नाहीत. पीएफएमएसवर खर्चाची मर्यादा मंजूर होते, बिल चढवलं की पैसे थेट विक्रेत्याला जातात, आणि ३१ मार्चला जी मर्यादा वापरली नाही ती परत जाते. कॉलेजांत मार्च म्हणजे परीक्षा आणि पगारबिलांची धांदल. विक्रेता ‘आठ आठवड्यांत देतो’ म्हणतो आणि बारा लावतो. म्हणून खरेदीचा आदेश नोव्हेंबरच्या आत निघाला पाहिजे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेमुळे शहरातली कामं आठवडाभर रेंगाळतात, तेही धरा.

खरेदीला केंद्राचे सामान्य वित्तीय नियम, २०१७ लागू होतात. किती रकमेपर्यंत कोटेशनशिवाय, किती रकमेपर्यंत खरेदी समितीमार्फत आणि त्यापुढे निविदा हे टप्पे वेळोवेळी वाढवले जातात. त्या वर्षीचं परिपत्रक फाइलला लावूनच खरेदी सुरू करा. सरकारी खरेदीच्या ‘जेम’ पोर्टलवर वस्तू मिळते का ते आधी पाहा. नसेल तर ‘उपलब्ध नाही’ असा अहवाल काढून फाइलला लावा. एकच खरेदी तुकडे करून मर्यादेच्या खाली आणू नका. लागोपाठच्या तीन दिवसांत त्याच दुकानातून आलेली तीन बिलं लेखापरीक्षकाच्या नजरेतून सुटत नाहीत. तुलनात्मक तक्त्यात सगळ्यांत स्वस्त पर्याय नाकारायचा असेल तर तांत्रिक कारण त्याच तक्त्यावर, सगळ्या सदस्यांच्या सहीने हवं.

फेलो मिळणं हा सोलापुरातला वेगळाच प्रश्न. नेट-गेट झालेली मुलं पुण्याकडे बघतात. ती इथे थांबतात ती पीएच.डी.च्या नोंदणीसाठी. तेव्हा कॉलेज विद्यापीठाचं मान्यताप्राप्त संशोधन केंद्र आहे का, तुमच्याकडे मार्गदर्शकाची मान्यता आणि मोकळी जागा आहे का, हे जाहिरातीआधी पक्कं करा. नसेल तर विद्यापीठातल्या विभागातला मार्गदर्शक सहसंशोधक म्हणून प्रस्तावातच घ्या. जाहिरातीत ‘पीएच.डी. नोंदणीची सोय’ ही ओळ ठळक असू द्या.

हंगामाचं गणित

शेतीशी जोडलेल्या प्रकल्पात दिल्लीचं आर्थिक वर्ष आणि सोलापूरचा रब्बी हंगाम जुळत नाहीत. ज्वारीची पेरणी साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. मंजुरी नोव्हेंबरात आली तर त्या वर्षीचं पीक गेलं आणि तीन वर्षांच्या प्रकल्पात दोनच हंगाम उरले. प्रस्तावाच्या वेळापत्रकात पहिलं वर्ष कुंडीतल्या प्रयोगांचं आणि बुरशीचे नमुने गोळा करण्याचं ठेवा. नमुने उभ्या पिकातून जानेवारी-फेब्रुवारीत मिळतातच, त्याला पेरणी लागत नाही. शेतातल्या चाचण्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी. शिवाय एक वर्ष पावसाने दगा देणार, किंवा सप्टेंबरात इतका पडणार की वापसाच येणार नाही, असं धरून पर्यायी प्लॅन दोन ओळींत लिहा. परीक्षकाला हे वाचून धीर येतो.

यूसी: दुसरा हप्ता इथे अडतो

प्रकल्प दिल्लीत नामंजूर होण्यापेक्षा कॉलेजच्या कपाटात मरण्याचं प्रमाण जास्त आहे, आणि त्याचं नाव यूसी, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र. ते फॉर्म जीएफआर १२-ए मध्ये, एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षासाठी द्यायचं असतं. सोबत हेडनिहाय खर्चपत्रक. नेहमीच्या चुका अशा.

मागच्या वर्षीची अखेरची शिल्लक आणि या वर्षीची सुरुवातीची शिल्लक जुळत नाही. फरक बहुधा ११८ किंवा २३६ रुपयांचा असतो: बँकेने कापलेला चार्ज. तो प्रकल्पावर टाकता येत नाही. कॉलेजने आपल्या खात्यातून भरून द्यायचा. खात्यावर मिळालेलं व्याज हा तुमचा पैसा नव्हे, तो ‘भारतकोष’ या सरकारी पोर्टलमार्फत सरकारला परत भरायचा आणि पावती यूसीला जोडायची. ऑर्डर दिली पण पैसे गेले नाहीत, तर तो खर्च नव्हे, ‘बांधील रक्कम’ म्हणून वेगळा दाखवा. प्राध्यापकाच्या कॅशबुकातले आकडे आणि सीएने संस्थेच्या ताळेबंदावरून काढलेले आकडे वेगळे येतात, कारण ट्रस्टचा हिशेब सगळ्या शाखांचा एकत्र असतो. सीएला मेमध्ये गाठू नका, तेव्हा तो कुणालाच भेटत नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कॅशबुक, बँक स्टेटमेंट आणि बिलांची फाइल हेडच्या क्रमाने लावून त्याच्या टेबलावर ठेवा.

ओव्हरहेडची, म्हणजे प्रकल्प सांभाळण्याच्या खर्चापोटी मिळणारी, रक्कम संस्थेची असते, पण ती कशासाठी हे ठरवून घ्या. त्यातून वीजबिल, इंटरनेट आणि हिशेब सांभाळणाऱ्या क्लार्कला मानधन अशी वाटणी ठरावात असेल तर क्लार्क फाइल वेळेवर हलवतो.

एकाचं यंत्र, दहांचं काम

एका कॉलेजने पाच लाखांचं यंत्र घेतलं आणि ते कुलूपबंद ठेवलं, तर पुढच्या प्रस्तावात ‘यंत्र किती वापरलं’ या प्रश्नाला उत्तर राहत नाही. वापराची वही ठेवा: तारीख, कोणाचा नमुना, किती तास, बिघाड. यंत्र आय-स्टेमवर नोंदवा आणि शेजारच्या कॉलेजांना माफक फी लावून द्या. जिल्ह्यातल्या चार-सहा कॉलेजांनी वर्षातून एकदा विद्यापीठात बसून कोण कोणतं यंत्र मागणार, कोण कोणाचा सहसंशोधक होणार हे ठरवलं, तर तेच यंत्र सहा ठिकाणी येत नाही आणि विषयांचीही जुळणी होते: कुणी ज्वारी, कुणी डाळिंब, कुणी रंगाचं पाणी.

प्रस्ताव परत आला तर परीक्षकांचे शेरे मिळाल्या दिवशी वाचून ठेवून द्या आणि आठवड्याने पुन्हा वाचा. शेऱ्यांचे दोन गट पाडा: ज्यांना माहिती देऊन उत्तर देता येतं, आणि ज्यांच्यासाठी एक हंगामाचं काम लागेल. पहिल्या गटातले शेरे नव्या प्रस्तावात मुद्द्यागणिक मिटवा. दुसऱ्या गटासाठी सप्टेंबरची पेरणी चुकवू नका.

मंजूर प्रकल्प संपला की अखेरचा अहवाल, अखेरची यूसी, यंत्रांची यादी आणि उरलेली रक्कम परत केल्याची पावती एकत्र पाठवा, आणि पोच येईपर्यंत फाइल बंद करू नका. मुख्य संशोधकाची बदली किंवा निवृत्ती मधेच येत असेल तर किमान सहा महिने आधी सहसंशोधकाच्या नावावर प्रकल्प करण्याची परवानगी मागा. यंत्रं डेड स्टॉकवर कॉलेजच्या नावे असतात. निवृत्तीच्या दिवशी चावी, वापराची वही आणि वॉरंटीची कागदपत्रं ज्याच्या हाती द्यायची त्याची सही घ्या.